आबांच्या पलटणीतला मित्र

सप्रेम नमस्कार,

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ७७ वर्षांचे आहेत. मूळचे सातारा जिल्ह्यातले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत पंधरा वर्षं होते, नाईक म्हणून पेन्शनवर आले आणि पुढे मुंबईत एका बँकेत गार्डची नोकरी केली. ७१ च्या लढाईत ते आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यापलीकडे ते कधी बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. दिवाळीत फटाके सुरू झाले की मोरीत जाऊन नळ सोडून बसायचे. घरात ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

गेल्या महिन्यात माझ्या मुलाने टीव्हीवर ‘द लास्ट फुल मेझर’ हा व्हिएतनाम युद्धावरचा चित्रपट लावला. आबा शेजारी येऊन बसले. नातू मधूनमधून मराठीत सांगत होता. शेवटी मेलेल्या जवानाच्या म्हाताऱ्या वडिलांना पदक देतात, तिथे आबा उठले, गॅलरीत गेले आणि ग्रिल धरून अंधार पडेपर्यंत उभे राहिले. रात्री त्यांनी पहिल्यांदाच एका मित्राचं नाव घेतलं. शेजारच्या तालुक्यातला, त्यांच्याच सेक्शनमधला. जखमींना आणायला तो दोनदा पुढे गेला, दोघांना घेऊन आला, तिसऱ्यांदा गेला तो आलाच नाही. ‘त्याला काही मिळालं नाही. आणि मी त्याच्या घरी तोंड दाखवायलाही गेलो नाही,’ एवढं बोलून आबा गप्प झाले.

तेव्हापासून त्यांना झोप नाही. रात्री दोन-अडीचला उठून दाराची कडी तपासतात. मुलाने पंतप्रधानांना पत्र लिहून, ऑनलाइन सह्या गोळा करून त्या मित्राला पदक मिळवून द्यायचं ठरवलंय. आई म्हणते, ‘जुनी मढी उकरू नका. पन्नास वर्षं मी हे घर शांत ठेवलंय.’ चित्रपट दाखवून आम्ही चूक केली का? इतक्या वर्षांनी पदक मिळू शकतं का? आणि आबांचं मी काय करू?

– एक मुलगी, कांजूरमार्ग

ताई,

चूक झालेली नाही. आधी तेवढं मनातून काढा. चित्रपटाने आबांच्या डोक्यात नवं काही घातलं नाही. दिवाळीत मोरीचा नळ सोडून बसणारा माणूस पाण्याच्या आवाजात दुसरा कसला तरी आवाज बुडवत असतो. तुमच्या घरात ते इतकं रोजचं झालं की कुणाला विचारावंसं वाटलं नाही, यात तुमचाही दोष नाही. फौजीच्या घरात असे पुष्कळ न सांगितलेले नियम असतात. झोपलेल्या वडिलांना हात लावून उठवायचं नाही, लांबून हाक मारायची. जेवताना लढाईचा विषय काढायचा नाही. आईचा चेहरा बघून मुलं हे आपोआप शिकतात आणि पुढे आपल्या मुलांनाही शिकवतात. मात्र सध्या दुसरा युद्धपट लावू नका, बातम्यांतली लढाईची दृश्यंही नकोत. आबा एकदा बोललेत, तेवढ्यावर थोडे दिवस जाऊ द्या.

त्या चित्रपटाबद्दल थोडं सांगते, कारण आबांना नेमकं काय लागलं ते त्यात सापडतं. ज्या जवानाची ती गोष्ट आहे तो खराखुरा होता. विल्यम पिट्सनबार्गर, अमेरिकी हवाई दलाच्या बचाव पथकातला, जखमींवर उपचार करणारा जवान, वय २१. ११ एप्रिल १९६६ रोजी कॅम माय गावाजवळच्या जंगलात पायदळाची एक कंपनी वेढ्यात सापडली. झाडी एवढी दाट की हेलिकॉप्टरला उतरायला जागा नव्हती. पिट्सनबार्गर दोराने खाली गेला. तो त्या कंपनीतला नव्हता, त्या मुलांशी त्याची ओळखही नव्हती. नऊ जखमींना त्याने वर पाठवलं. मग गोळीबार झाल्याने हेलिकॉप्टरला निघावं लागलं. पिट्सनबार्गरला वर जाता येत होतं, त्याने हातानेच नको म्हणून खुणावलं आणि खाली राहिला. त्याच संध्याकाळी तो मारला गेला. सापडला तेव्हा एका हातात रायफल होती आणि दुसऱ्या हातात औषधांची पेटी.

हवाई दलाने त्याच वर्षी त्याला दुसऱ्या क्रमांकाचं शौर्यपदक दिलं. सर्वोच्च पदक मिळालं ते ८ डिसेंबर २००० रोजी, म्हणजे ३४ वर्षांनी. ते घ्यायला त्याचे वडील हयात होते. चित्रपटात या प्रकरणाचा तपास करणारा पेंटॅगॉनचा तरुण अधिकारी मात्र पटकथेसाठी रचलेला आहे. मला ती रचना फार मोलाची वाटते. हा अधिकारी एक कंटाळवाणं काम उरकायला म्हणून निघतो आणि वाचलेल्या जवानांच्या घरी एकेक करून जाऊन बसतो. ती सगळी आता म्हातारी झालेली माणसं आहेत. एकेकाने आपापल्या परीने स्वतःला जगापासून कोंडून घेतलंय. ‘त्या दिवशी काय झालं?’ असं त्यांच्यासमोर बसून, उत्तर ऐकायची तयारी ठेवून आजवर कुणी विचारलेलंच नाही. पदक मिळणार की नाही ही उत्कंठा आहेच, पण माणसं बरी व्हायला लागतात ती समारंभाच्या खूप आधी, आपापल्या ओसरीवर, बोलता बोलता.

आता आबा कुठे उठले ते बघा. वडिलांच्या हातात पदक येतं आणि सभागृहातले लोक उभे राहतात, तिथे. मला वाटतं, आबांनी त्या खुर्च्यांमध्ये स्वतःला पाहिलं. मित्र ज्या रात्री जखमींना आणायला गेला आणि परत आला नाही, त्या रात्रीतून जे जिवंत घरी आले त्यांच्यातले आबा एक. आणि त्या म्हाताऱ्या बापाच्या जागी त्यांना दुसरा एक बाप दिसला असणार, सातारा जिल्ह्यातला, ज्याच्या उंबऱ्यावर ते कधी गेले नाहीत.

तुमच्या पत्रात आबांची दोन वाक्यं आहेत. ‘त्याला काही मिळालं नाही’ हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलं आणि नातू लगेच कामाला लागला. ‘मी त्याच्या घरी तोंड दाखवायलाही गेलो नाही’ हे दुसरं वाक्य आहे आणि माझ्या मते आबांची झोप त्याने उडवलीय. पहिल्यावर सरकारने काही करायला हवं, आणि ते होईल की नाही हे तुमच्या हातात नाही. दुसऱ्यावर तुम्ही करू शकता, या वर्षात करू शकता, आणि आबा ७७ वर्षांचे आहेत.

पदकाचं आधी सांगते, म्हणजे नातवाचा जीव टांगणीला राहायला नको. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या लढायांना लागू करण्यात आली. ती अर्ज करून किंवा सह्या जमवून मिळत नाहीत. शिफारस पलटणीचा कमांडिंग ऑफिसर करतो, ती प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या जबान्यांसह वर जाते आणि पायरीपायरीने दिल्लीला पोहोचते. हे सगळं लढाईच्या मागोमाग व्हावं लागतं. जमालपूरला जंगी पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून गावाच्या दक्षिणेचा रस्ता अडवून बसली होती. १० डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानच्या ३१ बलूच पलटणीने तो वेढा फोडून निघायचा प्रयत्न केला, अंधारात जवळून लढाई झाली आणि ११ तारखेला जमालपूर पडलं. अशा रात्री कोण कितव्यांदा पुढे गेला हे शेजारच्या दोन-तीन माणसांनाच दिसतं. तीच माणसं पडली, जखमी होऊन इस्पितळात गेली किंवा बोलायच्या अवस्थेत नसली, तर कागदावर काहीच येत नाही. तुमच्या आबांच्या मित्राचं असंच झालं असावं. मुद्दाम कुणी अन्याय केला असेल असं मानायला तुमच्या पत्रात तरी काही नाही. पिट्सनबार्गरचं पराक्रम-वर्णन पहिल्यापासून कागदावर होतं, एक मोठं पदकही मिळालं होतं, तरी पुढचा पल्ला गाठायला ३४ वर्षं आणि पुष्कळ माणसांची खटपट लागली.

म्हणून ऑनलाइन सह्यांचं सध्या थांबवायला सांगा. ७७ वर्षांच्या माणसाला आशा लावायची आणि वर्षभराने ‘आपली विनंती विचारात घेता येत नाही’ असं दोन ओळींचं पत्र त्याच्या हातात द्यायचं, हे मला बघवणार नाही. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. त्या मित्राचं घर आहे, भाऊ-पुतणे असतील, कदाचित पत्नीही असेल. आपल्या माणसाच्या मरणाची हकिगत त्यांना व्हॉट्सअॅपवर फिरत आलेल्या निरोपातून कळली तर? आधी त्यांना कळायला हवी, आणि आबांच्या तोंडून.

नातवाला करायला दुसरं काम आहे आणि ते तडीला जाणारं आहे. शौर्यपदकं वेगळी आणि लढाईत भाग घेतल्याची पदकं वेगळी. ७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर लढलेल्यांसाठी पूर्वी स्टार आहे आणि त्या काळात सेवेत असलेल्यांसाठी संग्राम पदक आहे. ही आबांच्या हक्काची आहेत आणि त्यांच्या मित्राचीही, तो गेल्यानंतर त्याच्या वारसांची. कित्येक जवानांच्या डिस्चार्ज बुकात पदकांची नुसती नोंद असते, प्रत्यक्ष पदक हातात आलेलंच नसतं. कुणी पेन्शनवर आल्यावर मागायला गेलं नाही, कुणाचं गावच्या पत्त्यावरून परत गेलं. आबांचं डिस्चार्ज बुक पेटीत असेल. ते काढून बघा काय लिहिलंय. पदक मिळालं नसेल तर बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा. आणि मित्राच्या घरी त्याची पदकं कधी पोहोचली का, हा प्रश्नही तिथूनच सुटेल. त्या घरात भिंतीवर फोटो असेल आणि फोटोखाली रिकामं असेल, तर पूर्वी स्टारही लहान गोष्ट नाही.

आणखी एक. दिल्लीला इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्धस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुलं झालं. स्वातंत्र्यानंतर सत्तरहून अधिक वर्षं देशाला आपल्या जवानांसाठी असं स्मारक उभारता आलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. उद्घाटनाच्या वेळी तिथल्या त्याग चक्राच्या भिंतींवर २५,९४२ नावं कोरलेली होती. स्मारकाच्या संकेतस्थळावर नावं शोधता येतात. नातवाला आबांच्या मित्राचं नाव तिथे शोधू द्या. सापडलं तर लगेच आबांपुढे मोबाइल धरायचा नाही. ‘त्यांचं नाव दिल्लीला कोरलंय, तुम्हाला बघायचंय का?’ एवढं विचारायचं आणि ते काय म्हणतील त्याची वाट बघायची.

आता दुसऱ्या वाक्याकडे येते. मित्राच्या घरचा शोध तुम्ही घ्या, आबांना त्यात पळवू नका. गाव आणि तालुका आबांना आठवत असेलच. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अशा घरांची माहिती असते. पहिला फोन तुम्ही करा. आपण कोण, आबा कोण, हे सांगा आणि विचारा की त्यांना भेटायची इच्छा आहे का. कदाचित पलीकडून कुणी म्हणेल, ‘इतकी वर्षं कुठे होता?’ त्या बोलण्याची तयारी ठेवा, तो त्यांचा अधिकार आहे. पण माझा अनुभव असा की अशा घरांत बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी दाटून बसलेलं असतं. त्या काळी घरी तार यायची. अमुक तारखेला वीरगती, एवढंच त्यात. कसा गेला, किती वेळ लागला, पाणी मागत होता का, जवळ कुणी होतं का, हे त्या आईने जन्मभर स्वतःला विचारलेलं असतं. ती आई आता नसेल. तिचा धाकटा मुलगा असेल आणि आईचा प्रश्न त्याच्यापाशी आला असेल. त्या प्रश्नाचं उत्तर जगात आज बहुधा एकट्या आबांकडे आहे. तो दोनदा गेला आणि दोघांना घेऊन आला, हे ऐकायला ते घर चोपन्न-पंचावन्न वर्षं थांबलंय.

जायचं ठरलं तर कॅमेरा नको, हार-तुरे नकोत, गावच्या सरपंचाला आधी कळवणं नको. घरातल्या दोघा-तिघांनी जायचं, आबांना बसायला खुर्ची मागायची आणि मग कुणी काही सुचवायचं नाही. आबांना जमणार नसेल, ते नको म्हणाले, तर आग्रह करू नका. पत्र लिहिता येतं. आबा सांगतील, नातू लिहील. एका दिवसात व्हायला हवं असंही नाही. तिथल्या घरात पत्नी हयात असेल तर युद्धात कामी आलेल्या जवानाच्या पत्नीला मिळणारं वाढीव कुटुंब निवृत्तिवेतन तिला नीट मिळतंय ना, हे हळूच विचारा. कागदाच्या एखाद्या चुकीमुळे ते अडलेलं असू शकतं आणि सैनिक कल्याण कार्यालय त्यात मदत करतं.

आबा बोलायला लागले तर ऐकायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण घरं नेमकी इथे अडखळतात. मरणापासून सुरुवात करू नका. तो मित्र जिवंत कसा होता ते विचारा. लंगरमध्ये, म्हणजे पलटणीच्या जेवणघरात, काय आवडायचं, सुट्टीवर निघाला की ट्रंकेत काय भरायचा, चिडायचा कशाने, गाणं म्हणायचा का. पन्नास वर्षं आबांनी त्याला एका रात्रीत अडकवून ठेवलंय. त्याला थोडं बाहेर येऊ द्या. ‘तुम्ही किती मारले?’ हा प्रश्न घरात कुणीही विचारू नये, नातवाच्या मित्रांनी तर मुळीच नाही. ‘आता विसरा’ म्हणू नका. ‘तुम्ही काय करू शकला असता?’ असं समजूत घालायला म्हणूनही विचारू नका, कारण त्या प्रश्नाची शंभर उत्तरं त्यांनी रात्री जागून तयार ठेवलेली असतात. आणि इंटरनेटवर वाचून त्यांची तारीख किंवा ठिकाण सुधारू नका.

हे शेवटचं मी जोर देऊन सांगते. १९६२ साली चीनशी झालेल्या युद्धात लडाखमधल्या रेझांग ला इथे मेजर शैतान सिंग यांची १३ कुमाऊं पलटणीतली कंपनी शेवटच्या माणसापर्यंत लढली, १२० पैकी ११४ जण कामी आले. जे थोडे परत आले त्यांच्या हकिगतीवर सुरुवातीला विश्वास बसला नाही. पुढच्या फेब्रुवारीत बर्फातून जवान आपापल्या जागी, हातात हत्यारं धरलेले सापडले, तेव्हा ते खरं ठरलं. जगून आलेल्या माणसावर अविश्वास दाखवण्यासारखं दुसरं दुखणं नाही. आबांना तर आजवर कुणाकडून विश्वास मागायचाही धीर झालेला नाही.

आईंबद्दल. ‘जुनी मढी उकरू नका’ हे तुम्हाला अडवणं वाटलं असेल. मला त्या वाक्याचा उत्तरार्ध जास्त ऐकू आला. पन्नास वर्षं मी हे घर शांत ठेवलंय. ताई, रात्री अंथरुणात दचकून उठलेल्या माणसाच्या शेजारी पन्नास वर्षं कोण झोपलं? दिवाळीत तुम्हा पोरांना फुलबाज्यांवर कोणी भागवलं? सनईच्या घोषात लग्नं झाली तेव्हा मांडवाबाहेर आपटबार उडू नयेत म्हणून सोयऱ्यांना कोणी हात जोडले असतील? त्यांनी पहारा दिलाय, आणि त्या पहाऱ्याची बदली कधी झाली नाही. त्यांना भीती आहे की तुम्ही मुलं दोन दिवस उत्साहाने बोलाल, आपापल्या कामाला जाल, आणि रात्री अडीच वाजता पुन्हा त्याच एकट्या असतील. ही भीती अगदी रास्त आहे.

म्हणून आईंना वगळून यातलं काहीही करू नका. एखाद्या दुपारी आबा झोपलेले असताना त्यांच्यापाशी बसा. ‘तुला हे सगळं कधीपासून माहीत होतं?’ असं विचारा आणि गप्प राहा. मला खात्री वाटते की मित्राचं नाव त्यांना ठाऊक आहे, आबा झोपेत ते घेत असतील. आईंना सांगा की त्यांनी जे सांभाळलं ते तुम्हाला आत्ता दिसलंय. आणि नुसतं सांगू नका, काही रात्री तुम्ही किंवा तुमचे भाऊ-बहीण तिथे झोपा, म्हणजे त्या दुसऱ्या खोलीत सलग झोपू शकतील.

आता डॉक्टरांचं, आणि इथे दिरंगाई नको. महिनाभर झोप नाही, रात्री उठून कडी तपासणं, आवाजाने दचकणं, वर्षानुवर्षं ठरावीक गोष्टी टाळणं, हे आघातानंतरच्या तणावाच्या विकाराशी जुळणारं आहे. आबा ७१ नंतर सुट्टीवर घरी आले तेव्हा या आजाराला आजचं नावच नव्हतं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली तो आपल्या यादीत घेतला, त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या जवानांचे हाल होते. या वयातही त्यावर उपचार होतात, बोलण्याचे आणि औषधांचेही. पण निदान डॉक्टरांनीच करायचं, कारण या वयात झोप उडण्याची दुसरीही कारणं असतात. कालचं आठवत नाही आणि पन्नास वर्षांपूर्वीचं लख्ख आठवतंय, असं होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, स्मृतीच्या आजाराची सुरुवात कधीकधी अशी होते.

आबांचं ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर त्यांच्या पॉलिक्लिनिकमधून मनोविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी मिळते. कार्ड काढलेलं नसेल तर आत्ता काढा. परळच्या केईएम रुग्णालयातही मनोविकार विभाग आहे. घरबसल्या बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. या सेवेचा सैन्यदलांसाठीचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. ‘वेड्याच्या डॉक्टरकडे नेताय का मला?’ असं आबा म्हणतील. झोपेसाठी म्हणून न्या, ते खोटंही नाही. केमिस्टकडून झोपेच्या गोळ्या परस्पर आणू नका.

दोन गोष्टी बघा आणि आजच बघा. लष्करी कॅन्टीनची रम घरात येते का, आणि अलीकडे रात्री ती वाढलीय का. झोपेसाठी घेतलेले दोन पेग पहिले दोन तास झोपवतात आणि पहाटेची स्वप्नं आणखी भीषण करतात. दुसरं, बँकेत गार्ड म्हणून लागलेल्या पुष्कळ माजी सैनिकांकडे स्वतःच्या परवान्याची बारा बोअरची बंदूक असते. आबांची अजून कपाटात असेल तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करा. आबांवर अविश्वास दाखवायचा म्हणून हे सांगत नाही. झोप नसलेल्या, मनावर मोठं ओझं असलेल्या कोणाही माणसाच्या घरात हत्यार नसावं. ‘मी तिथेच राहायला हवं होतं’, ‘आता कशाला जगायचं’ असं काही त्यांच्या तोंडून आलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री रुग्णालयात घेऊन जा.

डिसेंबरचा दुसरा आठवडा सांभाळा. सगळा देश १६ तारखेला विजय दिवस साजरा करतो, आबांचा दिवस त्याच्या आधीच येऊन जातो. त्या दिवसांत घरात कुणीतरी असू द्या, लग्नकार्य किंवा घराचं रंगकाम काढू नका. आबांना वाटलं तर त्या दिवशी मित्राच्या नावाने काही करता येईल, काय ते त्यांनाच ठरवू द्या.

बेळगावच्या अर्जात आबांचा आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख घाला, डिस्चार्ज बुकाच्या पानांच्या झेरॉक्स जोडा आणि स्पीड पोस्टाने पाठवा. मित्राच्या पदकांची चौकशी वेगळ्या कागदावर करा, त्याचा नंबर माहीत नसला तरी नाव, कंपनी, गाव आणि तारीख एवढ्यावर शोधायला सांगता येतं. नातवाने सुवाच्य अक्षरात लिहावं, सही मात्र दोन्ही अर्जांवर आबांची हवी.